शेवटचा खिळा

गेल्या शनिवारी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या म्युझियममध्ये एक सोन्याचा खिळा बघितला. जेमतेम साडेपाच इंच. ऑनसाईट आल्यापासून या कॅम्पसवर दहा वेळा तरी फोटो काढले असतील, पण हे ज्याच्या पैशातून उभं राहिलं तो लेलँड स्टॅनफर्ड कोण, हे कधी वाचलंच नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो.

मूळचा वकील. १८५२ मध्ये कॅलिफोर्नियात आला आणि खाणकामगारांना किराणा-सामान विकून पैसा केला. १८६१ मध्ये आणखी तीन व्यापाऱ्यांबरोबर सेंट्रल पॅसिफिक रेल्वे काढली, स्वतः अध्यक्ष झाला. त्याच वर्षी गव्हर्नर म्हणूनही निवडून आला! पदावर आल्यावर पहिल्याच भाषणात त्याने सांगितलं, की आशियातून येणारे लोक हलक्या वंशाचे, त्यांना इथे येऊ देऊ नये.

गंमत पुढे आहे. रेल्वेला मजूर मिळेनात, तेव्हा १८६५ पासून चिनी मजूर घेतले. दहा हजारांहून जास्त. सिएरा नेवाडाचा ग्रॅनाइट सुरुंग लावून त्यांनी फोडला. गोऱ्यांना पगारावर जेवण-राहणं फुकट, चिन्यांनी मात्र आपलं आपण बघायचं. १८६७ मध्ये त्यांनी संप केला, तर कंपनीने रसदच तोडली. आणि याच स्टॅनफर्डने १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्षांना कळवलं होतं, की यांच्याशिवाय काम मुदतीत होणं अशक्य. डेडलाईन आली की मतं बदलतात म्हणायची!

१० मे १८६९ ला युटामध्ये शेवटचा खिळा ठोकायचा मान स्टॅनफर्डला. त्याचा पहिला फटका चुकला असं सांगतात. त्या दिवशीच्या प्रसिद्ध फोटोत चिनी चेहरे जवळपास नाहीतच.

पुढे १८८४ मध्ये एकुलता एक मुलगा पंधराव्या वर्षी टायफॉइडने गेला. त्याच्या आठवणीत नवरा-बायकोने हे विद्यापीठ काढलं. १८८५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८९३ पर्यंत, स्टॅनफर्ड सिनेटर होता.

त्याला शिव्या घालून झोपणार होतो. पण झोप येईना. गेल्या महिन्यात आमचं रिलीज झालं, केक कापला, फोटोत मी मधोमध. पुण्यात महिनाभर रात्री जागून टेस्टिंग करणारी दोन कॉन्ट्रॅक्टवरची मुलं ना फोटोत, ना थँक्यू मेलमध्ये. तो मेल मीच लिहिला होता.

सोमवारी दुसरा मेल टाकला, नावांसकट. उशीर झालाच होता. एकाचं कॉन्ट्रॅक्ट शुक्रवारीच संपलं होतं, त्याचा मेल परत आला.