बधना

गेल्या डिसेंबरात धाकट्याची लेक बंगळुरूहून सुट्टीला घरी आली. तिच्या पिशवीतून कपड्यांच्या आधी एक खोके निघाले. खोक्यात पोलादी किटली होती. चहाची किटली आम्ही जन्मभर पाहिलेली. तिची तोटी आखूड आणि जाड असते. या किटलीची तोटी मात्र तळाजवळून निघून, बारीक होत, हंसाच्या मानेसारखा बाक घेत वर गेली होती आणि टोकाशी किंचित खाली वाकली होती. सोबत चिनी मातीचे शंकूसारखे गाळणे, कागदाच्या घड्या, मुठीत मावेल असा वजनकाटा आणि चिकमगळूरच्या कॉफीच्या भाजलेल्या बिया.

आम्ही दोघे भाऊ ती किटली हातात घेऊन पाहत होतो. तेवढ्यात पलंगावरून अम्मीने मान उंच करून विचारले, "ये बधना कां से लायी गे?"

पोरगी खळखळून हसली. "दादी, बधना नै, कॉफी की किटली है."

"किटली हुई तो क्या, टोंटी तो बधने की है," अम्मी म्हणाली.

सुना हसल्या, मुले हसली. आम्हा दोघा भावांना मात्र हसू आले नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि नजर खाली घातली. हा शब्द आमच्या घरात फार वर्षांनी उच्चारला गेला होता, आणि तो का उच्चारला जात नव्हता हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते.

आमच्या घरचा बधना तांब्याचा होता, अम्मीच्या लग्नात आलेला. पोट गरगरीत, मान अरुंद आणि पोटातून निघालेली तोटी झाळून बसवलेली. वर्षातून एकदा गल्लीत कल्हईवाला येई. जमिनीत खड्डा करून भाता लावी, भांडे तापवून नवसागर टाकी आणि कथिलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पुसून काढी. पांढरा धूर नाकात जाई आणि काळवंडलेला बधना आतून चांदीसारखा होऊन बाहेर येई. कल्हई तोटीच्या आतपर्यंत पोचली की नाही हे अम्मी उजेडाकडे धरून तपासत असे.

ज्यांच्या घरी बधना नव्हता त्यांना त्याचे काम सांगायला हवे. तांब्या कलता केला की पाणी आधी येत नाही, आणि आले की भसकन येते. बधन्याचे तसे नाही. पाणी पोटातून अरुंद नळीत शिरते, म्हणून हात जितका कलवाल तितकेच येते. एका हाताने बधना कलवावा, दुसरा हात धारेखाली धरावा. भांड्यात हात बुडवावा लागत नाही, म्हणून उरलेले पाणी स्वच्छ राहते. तोटीचे टोक भांड्याच्या तोंडाइतके उंच न्यावे लागते, नाही तर भांडे भरता भरता पाणी तोटीतूनच वाहून जाईल. हे सारे कोण्या कारागिराने कधी ताडले असेल कोण जाणे. आमच्या अम्मीला ते हातानेच कळलेले होते.

आमचे गाव माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात अब्बांचे शिलाई मशीन बंद पडले. कपडे शिवायला टाकणार कोण? अब्बा आणि अम्मी दोघे खडी फोडायला जाऊ लागले. रेशनवर मिलो मिळे, कामावर सुकडी मिळे. पाण्याचे मात्र काही खरे नव्हते. आडात उतरून वाटीने पाणी भरायचे आणि दोरीने वर ओढायचे. त्या वर्षी आमच्या घरी एका बधन्यात दोघांचे वजू होई. अम्मी उभी राहून धार धरी, अब्बा उकिडवे बसत. हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावर ओला हात, मग पाय. खाली परात ठेवलेली असे. परातीतले पाणी शेळीच्या गोठ्यात शिंपडायला जाई. अम्मीचे एकच सांगणे असे, "पानी कू दौडाना नै, चलाना."

वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी उधळू नका, अशा अर्थाची रिवायत अब्बा सांगत. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटे. आमच्या गावात नदीच कोरडी होती.

1978 साली आम्ही दोघे शिकायला तालुक्याबाहेर गेलो आणि वसतिगृहात राहू लागलो. ट्रंकेत कपडे, पुस्तके, लाडू आणि अम्मीने जबरदस्तीने दिलेला बधना. पहिल्याच सकाळी न्हाणीघराबाहेर तो दिसला आणि पोरांना विषय मिळाला. तोटीवरून जे जे बोलता येते ते बोलून झाले. कोणी तो डोक्यावर ठेवून नाचला, कोणी लपवला. मारामारी झाली नाही. कोणी आमचे वाईटही चिंतीत नव्हते. त्यातलीच पोरे पुढे आमची मित्र झाली आणि ईदला शिरखुर्मा खायला घरी आली. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला चेष्टा ही चेष्टा म्हणून घेता येत नाही. आम्ही बधना ट्रंकेच्या तळाला कपड्यांखाली घातला आणि बाजारातून साधा तांब्या आणला. सगळ्यांसारखा.

त्याच वर्षी मराठीच्या तासाला 'झारीतले शुक्राचार्य' हा वाक्प्रचार आला. गुरुजींनी गोष्ट रंगवून सांगितली. बळी दानाचे पाणी सोडतो आहे, शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आहेत, वामन दर्भाची काडी घालतो आहे. फळ्यावर त्यांनी झारीचे चित्र काढले. गरगरीत पोट, अरुंद मान, बाकदार तोटी. आम्ही दोघे वेगवेगळ्या वर्गात होतो, तरी संध्याकाळी एकमेकांना सांगायला एकच गोष्ट होती: फळ्यावर आपला बधना होता. आणि कोणी हसले नव्हते. आम्हीही हात वर करून काही बोललो नव्हतो.

पुढे गावात नळ आले, प्लास्टिकचे मग आले. सुट्टीत घरी गेलो की बधन्याऐवजी आम्ही मग वापरू लागलो. एके वर्षी मोडवाला आला तेव्हा तांब्याचा भाव चांगला होता. आम्हीच अम्मीला समजावले, कोण वापरतो आता, जागा अडते. अम्मी काही बोलली नाही. बधना तराजूत पडला तेव्हा अब्बा मशीनवर होते. त्यांनीही मान वर केली नाही.

1996 मध्ये अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. नमाज ते पडल्या पडल्या इशाऱ्याने पढत, पण वजू पाण्याने करायचा हट्ट होता. मगातून पाणी घालायला गेलो की बाही भिजे, उशी भिजे, थंडीत ते कुडकुडत. शेवटी आम्ही तयम्मुमची मुभा सांगितली. तशी ती आहेच, आजाऱ्याला पाणी अपायकारक असेल तर माती पुरते. अब्बांनी ऐकले. पण एका पहाटे अडखळत्या जिभेने त्यांनी विचारले, "वो बधना... किधर है?"

आम्ही दोघे पलंगापाशी होतो. "शोधतो," असे आम्ही म्हणालो. मोडीत घातला होता हे आम्हालाही ठाऊक होते आणि त्यांनाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. तीन महिन्यांनी ते गेले.

म्हणून त्या दिवशी आम्हाला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी पोरीने कॉफी करून दाखवली. पंधरा ग्रॅम बिया दळल्या, फार बारीक नाही, जाड रव्यासारख्या. गाळण्यात कागद बसवला आणि गरम पाण्याने भिजवून घेतला, म्हणजे कागदाची चव उतरत नाही. ही कागदाची युक्ती 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने काढली. पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद आत घातला. घरात हाताशी असलेल्या वस्तूंतूनच तिने हे साधले, हे ऐकून अम्मीला ती बाई आवडली.

मग किटली उचलली. आधी तीसेक ग्रॅम पाणी, नुसते भिजण्यापुरते. पूड फुगून वर आली, बुडबुडे फुटले. ताज्या भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. तो निघून गेल्याशिवाय पुढचे पाणी पुडीत नीट शिरत नाही. चाळीस सेकंद थांबून पोरीने मधोमध बारीक धार धरली आणि हळूहळू गोल फिरवत बाहेर नेली. एकूण पाणी दोनशे चाळीस ग्रॅम, वेळ तीन मिनिटे.

"साध्या किटलीने का नाही होत?" आम्ही विचारले.

"होते, बडे अब्बा. पण पाणी धबकन पडले की पुडीत खड्डा पडतो. मग पाणी त्याच वाटेने पळते. तिथली कॉफी कडू होते, बाजूची कच्ची राहते."

अम्मी पलंगावरून पाहत होती. "मैं क्या बोलती थी? दौडाना नै, चलाना."

कॉफीचा तो पेला आम्ही सगळ्यांनी चाखला. दूध नाही, साखर नाही. अम्मीला ती काढ्यासारखी वाटली. पण त्या पेल्याशी आपले नाते जुने आहे, हे पोरीला सांगावेसे वाटले. हे झाड मूळचे इथिओपियाचे, पण पेय म्हणून त्याला रुळवले ते पंधराव्या शतकात येमेनच्या सूफींनी. रात्रीच्या जिक्रमध्ये डोळा लागू नये म्हणून ते कहवा पीत. 1511 मध्ये मक्केच्या अधिकाऱ्याने कहव्यावर बंदी घातली, कैरोहून ती उठवली गेली. आणि पोरीने आणलेल्या बिया ज्या डोंगरांतल्या, तिथे त्या बाबा बुदन नावाच्या सूफीने आणल्या अशी लोककथा आहे. हजहून परतताना त्यांनी मोखाच्या सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रद्रोण डोंगरात लावल्या. आज त्या डोंगराला बाबाबुदनगिरी म्हणतात. तिथल्या गुहेला बाबांचे भक्त येतात आणि दत्ताचेही. जागा कोणाची यावरून अलीकडच्या काळात कोर्टकचेऱ्या झाल्या. कॉफीला मात्र कोणी तिचा धर्म विचारत नाही.

दीड वर्षापूर्वी पडून अम्मीच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून तिचे वजू पलंगावरच होते. मग, परात, टॉवेल आणि तरी रोज भिजलेली चादर. आमच्याने पुन्हा तेच घडत होते आणि आम्ही पुन्हा तयम्मुमची गोष्ट काढू लागलो होतो. त्या संध्याकाळी, मगरिबच्या आधी, अम्मीने सरळ मागणी केली, "वो टोंटीवाला लाव."

घरात थोडी कुजबुज झाली. एक सून म्हणाली, वजूचे आणि खाण्यापिण्याचे भांडे एक कसे करायचे? अम्मी म्हणाली, "पाक पानी है, पाक भांडा है. नापाक क्या हुआ उसमें?" यावर कोणाकडे उत्तर नव्हते.

पोरीने किटलीत कोमट पाणी भरले. धार अम्मीच्या बोटांवर पडली, मनगटावरून परातीत गेली. एक थेंब चादरीवर नाही. कॉफीवर धार फिरवणारा तोच हात आता आजीच्या कोपरावर फिरत होता. अम्मी डोळे मिटून होती. आम्ही परात धरून उभे होतो. दोघांच्याही मनात एकच पलंग होता, आणि तो हा नव्हता.

नंतर पोरीला काय सुचले, तिने किटली काट्यावर ठेवली. वजूआधीचे वजन तिने नकळत पाहून ठेवले होते. हिशेब केला: आठशे वीस ग्रॅम पाणी लागले होते. आम्ही तिला सांगितले की पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आहे. मुद्द म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. त्याच्या मापाबद्दल परंपरांत थोडा फरक आहे, पण पुष्कळ जण ते पाऊण लिटरच्या आत धरतात. मग तिला छंदच लागला. रोज वजन. चौथ्या दिवशी सहाशे ऐंशी भरले. पोरीने टाळी वाजवली. अम्मीला आकड्याचे काही वाटले नाही. "बहात्तर में इत्ते में दो लोगां का होता था," ती म्हणाली.

आज आम्हाला वाटते, बधना आम्ही मोडवाल्याला विकला तेव्हा नव्हे, तर त्याच्या फार आधी, ट्रंकेच्या तळाशी गमावला होता. चेष्टा करणाऱ्यांनी तो घेतला नाही. आम्हीच तो दिला. तीच तोटी आता झकपक दुकानांच्या काचेआड मिरवते आणि लोक हजारो रुपये देऊन ती विकत घेतात. त्याचा राग नाही. पण आपल्या घरातली वस्तू दुसऱ्याच्या घरून येईपर्यंत आपल्याला तिची किंमत कळू नये, याची लाज वाटते. आमच्या पोरीला ती लाज नाही. बधना हा शब्द तिने हसत हसत उचलला आणि बंगळुरूच्या मैत्रिणींना फोनवर सांगितलाही: आमच्या दादीकडे हिचे जुने नाव आहे.

सुट्टी संपली. तिने गाळणे, काटा, कागद पिशवीत भरले आणि किटली अम्मीच्या खिडकीत ठेवली. "मी दुसरी घेईन," म्हणाली.

अम्मीने किटलीच्या आत डोकावून विचारले, "इसकू कल्हई नै लगती?"

"नाही दादी, पोलाद आहे."

आता रोज पाच वेळा धार धरायचे काम आम्हा दोघांकडे आहे. हात अजून पोरीइतका स्थिर नाही. अम्मी मध्येच डोळे उघडते आणि म्हणते, चलाव, दौडाव नक्को. किटलीत पाणी उरते ते टाकायचे नाही, असा हुकूम आहे. शेळी राहिली नाही. ते पाणी अंगणातल्या मोगऱ्याला जाते.