किती धावा केल्यास?

आमचें जऊळका हें पूर्णा-अकोला लोहमार्गावरील एक लहानसें स्टेशन. सभोंवार सोयाबीन, तूर आणि कापूस यांचीं शेतें; गाडीच्या वेळीं तेवढी फलाटावर माणसांची जाग, एरवीं सामसूम. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा येथें उतरला. तीन वर्षांपासून तो नागपुरास क्रिकेट शिकतो, व पुढें तोच पेशा करावयाचा त्याचा निश्चय आहे. त्याच्या खांद्यावरील जड पिशवी घेण्यास आम्हीं हात पुढें केला आणि संवयीप्रमाणें विचारलें, "किती धावा केल्यास?" त्यानें पिशवी दिली नाहीं. थोडें चालून गेल्यावर तो म्हणाला, "काका, संघांतून वगळलें. घरीं यावें कीं नाहीं, याचाच विचार अकोल्यापर्यंत करीत होतों."

आम्ही वरमलों. तीन वर्षांतील आमचें प्रत्येक संभाषण याच प्रश्नानें सुरू झालें होतें. प्रकृति, झोंप, अभ्यास यांची चौकशी नंतर. धावा कमी असल्यास बहुधा नाहींच. आमच्या पंधरा माणसांच्या घरांत हा प्रश्न पंधरा वेळां विचारला जातो, हें त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आलें.

कचेरींत बेरीज चुकली तर ती दुसऱ्या दिवशीं दुरुस्त करतां येते. फलंदाजाची एक चूक झाली कीं त्याचा डाव संपला, आणि ती चूक हजारोंनीं पाहिलेली असते. ब्रॅडमनसारखा खेळाडूहि १९४८ सालीं ओव्हलवरील आपल्या अखेरच्या कसोटी डावांत शून्यावर बाद झाला. प्रो. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा सलग दोनदां रणजी करंडक जिंकला. पण ते पुण्यास संस्कृताचे प्राध्यापक होते. धावा न झाल्या तरी वर्ग त्यांची वाट पाहत असे. हल्लींच्या व्यावसायिक खेळाडूस असा दुसरा आसरा सहसा नसतो.

करुण नायर यांची हकीकत आम्हां वैदर्भीयांस जवळची आहे. डिसेंबर २०१६ मध्यें चेन्नईस इंग्लंडविरुद्ध त्यांनीं नाबाद ३०३ धावा केल्या. पुढच्याच वर्षीं ते भारतीय संघाबाहेर गेले, आणि कालांतरानें कर्नाटकानेंहि त्यांस वगळलें. क्रिकेटनें आपणांस आणखी एक संधि द्यावी, अशी जाहीर विनवणी त्यांनीं २०२२ च्या डिसेंबरांत केली. ती संधि विदर्भानें दिली. २०२५ सालीं नागपूरजवळ जामठा येथें केरळाविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं ८६ व १३५ धावा केल्या, आणि विदर्भानें तिसऱ्यांदा रणजी करंडक मिळविला. त्याच वर्षीं ते इंग्लंडमध्यें पुन्हां कसोटी खेळले. तेथें आठ डावांत एकच अर्धशतक झालें आणि जागा पुन्हां गेली.

हें सारें आम्हीं पुतण्यास चिकाटीचा धडा म्हणून सांगितलें. त्यानें विचारलें, "काका, संघांत नव्हते त्या दिवसांत ते सकाळीं कशासाठीं उठत असतील?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

इंग्लंडचे मार्कस ट्रेस्कोथिक २००६ सालीं भारताचा दौरा अर्धा टाकून मायदेशीं गेले. मनाचा तो आजार पुढें त्यांनीं स्वतःच उघड केला. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅक्सवेल यांनीं २०१९ च्या ऑक्टोबरांत मनास विश्रांति हवी असें स्पष्ट सांगून खेळ थांबविला, व ते परतहि आले. आमचीं घरें मात्र ताप आला तर अंथरूण घालून देतात, आणि मन थकलें म्हणजे "नाटकें पुरेत" म्हणतात.

त्या रात्रीं आमच्या मातोश्रींनीं नातवास गोळाभात वाढला. क्रिकेटमधलें त्यांना कांहीं कळत नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तिकडे थंडींत पांघरायला पुरतें का रे?" त्यावर तो दोन दिवसांत प्रथम मोकळेपणीं बोलूं लागला: झोंप लागत नाहीं, सामन्याच्या सकाळीं अन्न जात नाहीं, सोबतच्या मुलांचें यश पाहवत नाहीं आणि त्याची स्वतःलाच लाज वाटते.

बंधूंचा आग्रह खेळ सोडावा असा होता. बराच खल होऊन असें ठरलें कीं, आणखी दोन वर्षें खेळावें; पदवीची परीक्षा बरोबरीनें द्यावी; झोंपेसाठीं डॉक्टरांस भेटावें, आणि त्यांत कमीपणा मानूं नये. घरांतल्यांसाठीं नियम एकच: धावा त्यानें सांगितल्या तर ऐकावयाच्या, आपण विचारावयाच्या नाहींत.

हा नियम पाळणें आम्हांस अद्याप जड जातें. परवां त्याचा दूरध्वनि आला, तेव्हां प्रश्न अगदीं ओठांवर होता. आम्हीं जेवणाविषयीं विचारलें. थोड्या वेळानें तो आपण होऊन म्हणाला, "काका, आज अकरा केल्या." आम्हीं "बरें" म्हटलें, आणि नवी रजई पोंचली कीं नाहीं तें विचारलें.