पोंच

लक्ष्मी चंचल आहे, असें आपल्याकडे फार पूर्वींपासून म्हणत आले आहेत. आजवर आमची अशी समजूत होती कीं, तिचें हें चांचल्य ती घरांत आल्यानंतरचें. आज आली आणि उद्यां गेली, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ. परंतु येण्यापूर्वीं देखील ती वाटेंत रेंगाळते, कधीं भलत्याच घरीं उतरते, आणि तरीही ‘पोंचलें’ म्हणून निरोप धाडते, हें आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळलें. तें कसें कळलें, आणि त्यांत आमच्या पदरीं किती दोष आला, तें येथें सांगावयाचें आहे.

२०२४ सालची दिवाळी नुकतीच आटोपली होती. आमच्या कॉलेजांतील संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी कागदांची चळत घेऊन डहाणूस आमच्या घरीं आला. मुलगा वारली, गांव तलासरीच्या बाजूचें, आणि घरांत कॉलेजचें तोंड पाहिलेला तोच पहिला. परीक्षेसाठीं त्यास एक प्रकल्प लिहून द्यावयाचा होता. विषय असा कीं, एकमेकांशीं जोडलेल्या संगणकप्रणालींतून जे व्यवहार जातात, त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या साधनांत कोणकोणत्या सोयी असाव्यात. आम्ही इंग्रजी शिकवितों. तेव्हां आमच्याकडून अपेक्षा फक्त भाषा सुधारून देण्याची होती.

विषय वाचकांस अपरिचित वाटेल; म्हणून दोन शब्द सांगतों. एका कचेरीचा हिशेब एका प्रणालींत असतो, दुसरीचा दुसऱ्या. एकीनें दुसरीस निरोप धाडावा, दुसरीनें तिसरीस, आणि शेवटीं कोठें तरी कोणाच्या खात्यांत रक्कम जमा व्हावी, असा हा क्रम. मध्यें एखादा निरोप हरवला, दोनदां गेला, किंवा भलतीकडे गेला, तर तें ध्यानांत यावें म्हणून एक पहारेकरी नेमावयाचा. आमच्या विद्यार्थ्यानें त्या पहारेकऱ्यास पुष्कळ अलंकार घातले होते. रंगीत आलेख होते. दर मिनिटास किती व्यवहार झाले त्याचा आंकडा होता. व्यवहारास लागणाऱ्या वेळेची सरासरी होती. निरोप नाकारला गेला कीं वाजणारी घंटा होती. आम्हीं सात-आठ शब्दयोगी अव्ययें दुरुस्त केलीं, “छान आहे” असें म्हटलें, आणि सहज विचारावें म्हणून विचारलें, “आई कशी आहे तुझी?”

“भट्टीवर गेली, सर,” तो म्हणाला. “उचल घेतली होती ना.”

तो आणखी कांहीं बोलला नाहीं. आम्हांस मात्र आषाढांतील एक दुपार आठवली.

त्या वर्षीं मे महिन्यांत त्याच्या आईनें रोजगार हमीवर बारा दिवस बांधबंदिस्तीचें काम केलें होतें. महाराष्ट्रांत त्या सालचा दर रोजचा २९७ रुपये होता. म्हणजे बारा दिवसांचे ३,५६४ रुपये. जुलैपर्यंत पैसे हातीं आले नाहींत, म्हणून मुलगा तिला घेऊन आमच्याकडे आला होता. योजनेचे कागद संकेतस्थळावर कोणासही पाहतां येतात. आम्हीं चष्मा चढविला, तिचें जॉबकार्ड शोधलें, आणि पडद्यावर ‘जमा’ अशा अर्थाचा शब्द पाहून तिला ठांसून सांगितलें, “बाई, पैसे जमा झाले आहेत, बँकेंत जा.” ती गेली. एकदां नव्हे, तीनदां गेली. दर खेपेस जीपचें भाडें आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. दर खेपेस यंत्रावर अंगठा ठेवला, आणि दर खेपेस खातें रिकामें. शेवटीं दिवाळीपूर्वीं तिनें मुकादमाकडून उचल घेतली आणि भिंवडीकडील वीटभट्टीवर गेली. घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे पावसाच्या तोंडापर्यंत, भट्टी सोडतां येत नाहीं, हें या भागांत लहान मुलासही ठाऊक आहे.

आम्हीं ते कागद पुन्हां पुढें ओढले आणि म्हटलें, “हे आलेख बाजूला ठेव. तुझ्या आईची मजुरी कोणत्या वाटेनें गेली तें मला सांग.”

त्यानें वाट काढून दाखविली. कामावर हजेरीपट भरतो. मोजमाप पुस्तकांत कामाची नोंद होते. त्यावरून वेतनाची यादी निघते. यादीवरून निधी हस्तांतरणाचा आदेश तयार होऊन त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या होतात. तेथून आदेश केंद्राच्या वित्तीय व्यवस्थापन प्रणालींत जातो, तेथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे. या कॉर्पोरेशनजवळ एक मोठा तक्ता आहे. प्रत्येक आधार क्रमांकासमोर शेवटीं जोडलेल्या बँकेची नोंद त्यांत असते. १ जानेवारी २०२४ पासून ही मजुरी आधारच्याच वाटेनें देण्याचा नियम झाला होता. म्हणजे मजुरानें कोणता खाते क्रमांक लिहून दिला होता याला महत्त्व उरलें नव्हतें, तक्त्यांत कोणती बँक आहे यालाच होतें.

“आणि तक्त्यांत तुझ्या आईची बँक कोणती आहे?” आम्हीं विचारलें.

तो गप्प बसला. तें कोणींच पाहिलें नव्हतें.

ही माहिती आधारच्या संकेतस्थळावर मिळते, परंतु त्यासाठीं मोबाईलवर येणारा एक अंक लागतो, आणि मोबाईल आईजवळ भट्टीवर. त्यानें रात्रीं फोन लावला. शेजारच्या झोंपडींतील एका शाळकरी मुलीनें अंक वाचून दाखविला. आणि पडद्यावर ज्या बँकेचें नांव आलें तें ऐकून आई म्हणाली, तेथें आपलें खातें नाहीं. खातें होतें. आदल्या वर्षीं गांवांत कसलेंसें शिबिर झालें होतें, आणि तेथें तिचा अंगठा घेतला होता. तेवढ्यावर खातें उघडलें गेलें, आधाराशीं जोडलें गेलें, आणि जून महिन्यांतच तिची मजुरी निमूटपणें तेथें जाऊन बसली. अंगठ्याच्या यंत्रावर पैसे काढतांना बँकेचें नांव आधीं सांगावें लागतें. ती प्रत्येक वेळीं आपल्या ओळखीच्या बँकेचें नांव सांगत होती. अंगठा तोच, पैसाही होता; चुकलें तें फक्त नांव.

यांत आम्हांस सर्वांत बोंचलें तें हें कीं, कोणीही खोटें बोललेलें नव्हतें. ग्रामपंचायत म्हणाली, हजेरी गेली, तें खरें. तालुका कचेरी म्हणाली, सह्या झाल्या, तेंही खरें. बँक म्हणाली, आमच्याकडे पैसे नाहींत, तेंही खरेंच. आम्हीं म्हटलें, जमा झाले. अक्षरशः पाहिलें तर तेंसुद्धां खरें. इतक्या खऱ्यांची बेरीज होऊन एक बाई भट्टीवर गेली.

याच मुलखांत १९४५ सालीं, आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी गांवीं वारल्यांची सभा भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढाकारानें वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला. पांचशें पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षीं १० ऑक्टोबर रोजीं तलवाडा येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. त्या काळच्या हालांशीं आजची तुलना आम्ही करीत नाहीं. परंतु तेव्हां मजुरी अडविणारा माणूस डोळ्यांसमोर असे; त्याच्या वाड्यापुढें जाऊन उभें राहतां येई. आज कोणाच्या दारापुढें उभें राहावें? मजुरी अडली आहे, पण अडविणारा कोणीच नाहीं.

रोखीचे दिवस चांगले होते, असेंही आम्हांस म्हणावयाचें नाहीं. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनीं अमलांत आला. त्या रोख वाटपाच्या काळांत हजेरीपटावर खोटीं नांवें चढत आणि खऱ्या मजुरांच्या हातीं कमी रक्कम पडे. खात्यांत पैसे जाण्यानें पुष्कळ चोऱ्या थांबल्या. तक्रार यंत्राविरुद्ध नाहीं. यंत्रानें काय पाहावें हें ठरविणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि त्यांत आमचा विद्यार्थी व त्याची भाषा सुधारणारे आम्ही दोघेही येतों.

मग आम्ही दोघांनीं ती यादी नव्यानें मांडली. जुन्या लोकांनीं या प्रश्नांचा विचार आपल्यापूर्वींच केला होता, असें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें. पोष्टाची मनीऑर्डर आपल्या देशांत १८८० सालीं सुरू झाली. तिच्या कागदास एक पोंचपावतीचा भाग जोडलेला असे. घेणाऱ्यानें त्यावर सही करावी किंवा अंगठा उठवावा, आणि तो तुकडा पुन्हां पाठविणाऱ्याकडे जावा. तो परत येईपर्यंत मुंबईच्या गिरणींतील कोंकणी माणूस पैसे पोंचले असें समजत नसे. म्हणून पहिलें कलम असें ठरलें कीं, व्यवहाराचा शेवट पाठविणाऱ्याच्या शब्दावर ठरवूं नये. घेणाऱ्याची पोंच आल्यावरच तो मिटला असें लिहावें.

दुसरें कलम, हजेरीपटापासून पासबुकापर्यंत एकच खूण चालावी, आणि ती मजुराच्या हातीं लिहून दिलेली असावी. आज प्रत्येक कचेरीचा क्रमांक निराळा. त्यामुळें माग काढणारा प्रत्येक दारीं नव्यानें आपली ओळख सांगत बसतो.

तिसरें कलम हुंडीवरून सुचलें. हुंडी हरवली तर सावकार ‘पैठ’ लिहून देई, तीही हरवली तर ‘परपैठ’. तींत मूळ हुंडीचा उल्लेख असल्यामुळें तीन कागद फिरले तरी रक्कम एकदांच सकारली जाई. निरोप पुन्हां धाडण्याची सोय असावी, पण पैसे दोनदां जाऊं नयेत, हें आजच्या संगणकशास्त्राचें तत्त्व आमच्या पेढ्यांस पूर्वींच ठाऊक होतें.

चौथें कलम पोष्टाकडून आलें. पत्ता न लागणाऱ्या पत्रांसाठीं पोष्टांत डेड लेटर ऑफिस असे. संगणकवाल्यांनींही तेंच नांव उचलून अडलेल्या निरोपांच्या रांगेस ‘डेड लेटर क्यू’ म्हटलें आहे. परंतु पोष्टांत तीं पत्रें उघडून पाहणारा एक कारकून बसलेला असे. आमच्या यादींत प्रत्येक अडलेल्या रकमेसमोर जबाबदार माणसाचा हुद्दा, अडल्याची तारीख, आणि अडण्याचें कारण साध्या मराठींत लिहिण्याची सक्ती आली. ‘निष्क्रिय आधार’ असा शेरा वाचून कोणत्या मजुरास काय करावयाचें तें कळणार?

पांचवें कलम विद्यार्थ्याचें स्वतःचें, आणि तें सर्वांत मोलाचें. त्याची घंटा निरोप नाकारला गेला कीं वाजत असे. “पण सर,” तो म्हणाला, “आईच्या पैशांत कांहींच नाकारलें गेलें नाहीं. माझी घंटा वाजलीच नसती.” तेव्हां नियम असा केला कीं, अमुक दिवसांत पोंच आली नाहीं, तर ती शांतताच बिघाड समजावी. सरासरीही काढून टाकली. शंभरांपैकीं नव्याण्णवांचे पैसे आठ दिवसांत पोंचले, तर सरासरी सुरेख दिसते. शंभरावी बाई तींत बुडून जाते. तिच्या जागीं ‘सर्वांत जुनी अडलेली रक्कम’ हा एकच आंकडा ठळक अक्षरांत घातला.

शेवटचा प्रश्न घड्याळ कोठें थांबवावें हा होता. त्या कायद्याप्रमाणें मजुरी पंधरा दिवसांत मिळावयाची. पुढें दर दिवसास शेंकडा ०.०५ भरपाई. आमच्या बाईंच्या बाबतींत ती दिवसाला पावणेदोन रुपये होते. परंतु हिशेबाचें घड्याळ आदेशावर सह्या झाल्या कीं थांबविण्यांत येत असे. पुढें केंद्राकडे लागणारा वेळ मोजलाच जात नसे. सर्वोच्च न्यायालयानें १८ मे २०१८ च्या निकालांत हा पुढला उशीरही उशीरच आहे, असें सांगितलें. देखरेखीच्या साधनांत घड्याळाची जागा ही केवळ तांत्रिक बाब नसते, हें त्या निकालावरून आम्हीं मुलास समजावून दिलें. दुसऱ्या बाजूनें पाहा: १ जानेवारी २०२३ पासून कामाच्या ठिकाणीं मजुरांचीं दिवसांतून दोनदां छायाचित्रें घेण्याची सक्ती झाली होती. मजुरावर दोनदां नजर, आणि त्याच्या मजुरीवर एकदांही नाहीं! डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें २००५ च्या कायद्याच्या जागीं १२५ दिवसांची हमी देणारा दुसरा कायदा केला आहे. नांव कोणतेंही असो. मजुरी अनेक कचेऱ्यांतून जाणार, तोंवर हा प्रश्न राहणार.

बाई जून २०२५ मध्यें पावसाबरोबर परतल्या. आम्ही मुद्दाम त्यांच्या पाड्यावर गेलों आणि आपला शब्द चुकल्याचें कबूल केलें. वारली माणूस लहानथोर सर्वांस एकेरींतच बोलतो. त्या म्हणाल्या, “तू लिवलेलं वाचलास, मास्तर. माना कोणी विचारलंच नाय.” आमच्या यादीचें पहिलें कलम तेंच होतें, त्यांनीं तें आमच्याहून थोडक्यांत सांगितलें.

मग आम्ही तिघे नाक्यावरील दुकानांत गेलों. या वेळीं दुसऱ्या बँकेचें नांव सांगितलें, अंगठा उठला, आणि पैसे निघाले. बाईंनीं ते दोनदां मोजून पदरांत बांधले. उशिराबद्दलची भरपाई मात्र त्यांत नव्हती. कारण कागदोपत्रीं उशीर झालाच नव्हता.