माल निघाला, जोखीम कुणाची?

मराठी साहित्यात बी.ए. झाल्यावर मी आंतरराष्ट्रीय व्यवसायाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. वाणिज्य शाखेचा मला गंधही नव्हता. घरची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि माल युरोपला जातो, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं. गाडी भरून निघाली की पुढं पेटीचं काय होतं, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. तेच कळावं म्हणून हा विषय घेतला. पुस्तक उघडलं तर पहिल्याच प्रकरणात द्राक्षं नव्हती, वाइन होती. तीही पोर्तुगालची, 1817 सालच्या ग्रंथातली.

हे उदाहरण अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचं. इंग्लंडला ठरावीक कापड तयार करायला वर्षभर 100 माणसांचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइन करायला 120. पोर्तुगालला तेवढ्याच कापडाला 90 आणि तेवढ्याच वाइनला 80. दोन्हींत पोर्तुगाल सरस. मग त्यानं इंग्लंडचं कापड घ्यावंच कशाला? वाणिज्यची मुलं ‘तौलनिक लाभ’ म्हणून पुढं सरकली, मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत बसले. पोर्तुगालनं 80 जणांच्या श्रमाची वाइन देऊन ते कापड घेतलं, तर घरी त्याला लागले असते ते 90 वाचवून 10 जणांचे श्रम पदरात पडतात. इंग्लंडनं 100 जणांच्या श्रमाचं कापड देऊन वाइन आणली, तर त्याचे 20 वाचतात. सगळ्यात सरस असलेल्यानंही सगळंच करू नये, ज्यात आपली सरशी जास्त ते करावं. हे उमगलं तेव्हा फार आनंद झाला. मग लक्षात आलं, की या गणितात जहाजच नाही. वाटेत पिंप फुटलं तर नुकसान कुणाचं, हे त्यात कुठंच येत नाही.

त्याचं उत्तर इन्कोटर्म्सच्या प्रकरणात मिळालं. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सनं 1936 साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या या व्यापारी अटी. 2020 च्या आवृत्तीत त्या 11 आहेत, प्रत्येक तीन अक्षरांची. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत विकणाऱ्याची जबाबदारी, तिथून पुढं घेणाऱ्याची. हे सोपं होतं. सीआयएफपाशी मात्र मी अडले. ‘सीआयएफ रॉटरडॅम’ असा करार असेल, तर रॉटरडॅमपर्यंतचं भाडं आणि विमा विकणाऱ्यानं भरायचा. म्हणजे माल तिथं पोचेपर्यंत धोकाही त्याचाच, असं मी धरून चालले होते. सरांनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या, एक खर्चाची आणि एक जोखमीची. खर्चाची रेघ थेट रॉटरडॅमला गेली. जोखमीची न्हावा शेवाला, माल जहाजावर चढला तिथंच थांबली. पैसे एकानं भरायचे आणि वाटेतला धोका दुसऱ्याचा, असं असू शकतं, हे मला त्या फळ्यावर पहिल्यांदा दिसलं.

त्यातही एक बारकावा आहे. कंटेनरमधला माल विकणारा स्वतः जहाजावर चढवत नाही. तो बंदराच्या टर्मिनलवर किंवा त्याआधीच वाहतूकदाराच्या ताब्यात जातो. म्हणून कंटेनरसाठी एफओबीऐवजी एफसीए आणि सीआयएफऐवजी सीआयपी वापरा, असं चेंबर स्वतःच सुचवतं. एफओबी म्हटलं, तर टर्मिनलवर उभ्या असलेल्या कंटेनरची जोखीमही विकणाऱ्यावरच राहते. थंड कंटेनरात बसलेल्या द्राक्षांसाठी तीन अक्षरांचा हा फरक फार मोठा आहे.

पुढं प्रश्न आला पैशांचा. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली दोन माणसं, मध्ये समुद्र. आधी माल की आधी पैसे? यावरचा तोडगा म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, आमच्या पुस्तकात ‘पतपत्र’. घेणाऱ्याची बँक हमी देते, की ठरलेली कागदपत्रं आणा, पैसे देते. मला वाटलं, बँकेचा माणूस पेट्या उघडून मण्यांचा आकार बघत असेल. 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या नियमावलीत स्पष्ट म्हटलंय, की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती, आणि बहुधा मालावरच्या हक्काचा कागदही तोच. तो, बीजक आणि पतपत्रात मागितलेले इतर दाखले हेच बँक तपासते, आणि त्यासाठी तिला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. माल उत्तम असला तरी कागदांत विसंगती निघाली, तर बँक पैसे नाकारू शकते. ताज्या फळांत तर कन्साइनमेंटचीही पद्धत चालते. तिथं माल तिकडं विकला गेल्यावर भाव ठरतो. म्हणजे बाजार पडला तर त्याची झळ इकडं बसते. सुट्टीत मी आमची बाग सांभाळणाऱ्या आप्पांना विचारलं, ‘आपला माल कुठल्या अटीवर जातो?’ ते म्हणाले, ‘ते निर्यातदार बघतो, बाई.’

गुणवत्तेच्या प्रकरणात पुस्तक अखेर आमच्या बागेत आलं. युरोपीय संघात ज्या कीटकनाशकाच्या अंशाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सर्वसाधारण मर्यादा लागते: किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. 2010 च्या हंगामात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपात गेलेला माल अडकला. नाशिक भागातल्या अनेक बागायतदारांना आणि निर्यातदारांना त्याचा जबर फटका बसला. तो हंगाम गावात आजही आठवतात. त्यातली व्यापाराची बाजू मला वर्गात कळली: मालावरचा आयातकर कितीही उतरला, तरी आरोग्याचा निकष पाळला नाही तर दार बंदच. अपेडा या सरकारी कृषी-निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंद, प्रयोगशाळेतली तपासणी आणि पेटीपासून प्लॉटपर्यंत मागे जाता येईल असा माग, हे सगळं त्या दारासाठीच आहे. आप्पा फवारणीची वही इतकी जपून का ठेवतात, याचा अर्थ त्या दिवशी लागला.

शेवटचं प्रकरण जागतिक व्यापार संघटनेचं. 1 जानेवारी 1995 ला ती सुरू झाली, पण नियमांचं मूळ 1947 च्या गॅट करारात. त्याचं अकरावं कलम म्हणतं, की सदस्य देशांनी आयात-निर्यातीवर संख्येची बंधनं घालू नयेत. मी ते पुन्हा वाचलं. डिसेंबर 2023 मध्ये आपल्या सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे 2024 मध्ये उठली, तीही टनामागे 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. लासलगावचा कांदा ज्यांच्या शेतात पिकतो त्यांना ते महिने सांगावे लागत नाहीत. मग नियमाचं काय झालं? उत्तर त्याच कलमात खाली होतं: खाद्यपदार्थांची गंभीर टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी चालते. टंचाई गंभीर आहे की नाही, हे आधी सरकारच ठरवतं, आणि निर्णयाची जोखीम पिकवणाऱ्यावर येते.

अभ्यासक्रम अजून संपलेला नाही. परकीय चलनाचं प्रकरण मला नीट जमलेलं नाही. पण रिकार्डोपासून कांद्यापर्यंत प्रत्येक प्रकरणात मला एकच प्रश्न सापडला: लाभ दोघांचा असेल, तर जोखीम कुणाची? शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न क्वचित विचारला जातो, कारण त्याची भाषा आपल्याला कुणी शिकवत नाही. ती कृषी महाविद्यालयांत आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत शिकवली गेली पाहिजे, आणि मराठीत. तोवर एवढं करा: तुमच्या घरचा माल परदेशी जात असेल, तर सही करण्याआधी निर्यातदाराला विचारा, की करार कोणत्या इन्कोटर्मवर आहे, भाव आज ठरतोय की तिकडं विकल्यावर, पैसे कोणत्या कागदांवर मिळणार आणि माल नाकारला गेला तर खर्च कुणाचा. उत्तर लेखी घ्या.