चाकांवरचे बिऱ्हाड

प्रवासाला निघण्याचा दिवस एकच असतो. परंतु प्रवासाची सिद्धता मात्र महिनोन्‌महिने चालते. गाडीची चाके फिरू लागण्याच्या कितीतरी आधी मन फिरू लागलेले असते. इंग्लंडातील लेस्टर शहरी स्थायिक झालेल्या एका सातारकर दांपत्याच्या घरी गेल्या हिवाळ्यात असाच एक प्रवास जेवणाच्या मेजावर चालला होता.

चाळीस वर्षे नोकरीत घालवून आजोबा निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुने मोटारघर विकत घेतले. सहा मीटर लांबीच्या त्या गाडीत दोन माणसांच्या झोपण्याची जागा, गॅसची शेगडी, लहानशी मोरी आणि पाण्याची टाकी, असे सारे बिऱ्हाडच होते. ते घेऊन डोव्हरच्या बंदरातून बोटीने फ्रान्समध्ये उतरावे, माँ ब्लाँ पर्वताखालच्या ११.६ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून इटलीत शिरावे, आणि रिमिनीपासून आद्रियातिक समुद्राच्या काठाकाठाने दक्षिणेकडे जावे, असा बेत ठरला. परदेशात मोटारघर घेऊन जाण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. या प्रवासाचे अखेरचे ठिकाण होते सांग्रो नदीच्या मुखाजवळची एक टेकडी.

त्या टेकडीवर दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांची स्मशानभूमी आहे. तेथे अडीच हजारांहून अधिक थडगी आहेत; आणि ज्यांच्या देहांना अग्नी देण्यात आला, अशा पाचशेंहून अधिक हिंदी सैनिकांची नावे एका स्मारकावर कोरलेली आहेत. १९४३ च्या नोव्हेंबरात तेथे घनघोर लढाई झाली. पावसाने सांग्रो दुथडी भरून वाहत होती. सैन्याने बांधलेले पूल वाहून जात होते. आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीचे जवानही होते. आजोबांचे थोरले चुलते त्यांतलेच एक. वय अवघे बावीस. गावी एक तार आली, तेवढीच. पुढे त्यांची आई जिवंत असेपर्यंत रोज तिन्हीसांजेला उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवीत असे. लांबून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी द्यावे, ही त्या घरची रीत. आजोबांनी लहानपणी ते पाहिले होते. पण कोणासाठी ठेवतात, हे विचारण्याचे धाडस त्यांना झाले नव्हते.

अशा प्रवासाची आखणी करताना आजोबांचा उत्साह अनावर झाला. कोणत्या दिवशी किती किलोमीटर जायचे, कोठे मुक्काम करायचा, याचे तक्ते त्यांनी तयार केले. आजीने ते शांतपणे पाहिले आणि म्हणाली, ''अहो, यात चहा प्यायला वेळ कुठे आहे?'' तक्ता पुन्हा लिहावा लागला. दिवसाला अडीचशे किलोमीटरांहून अधिक जायचे नाही आणि अंधार पडल्यावर गाडी हाकायची नाही, असे दोन नियम झाले. द्रुतगती मार्ग सोडून समुद्रकाठच्या गावांतून जाणारा १६ क्रमांकाचा जुना राजमार्ग धरायचे ठरले. त्या वाटेवर, सांग्रोच्या अलीकडे, समुद्रात खांब रोवून उभारलेले कोळ्यांचे लाकडी माचे दिसतात. त्यांना तेथे त्राबोक्की म्हणतात.

''आजोबा, समुद्र कोणत्या बाजूला असेल?'' बारा वर्षांच्या नातीने विचारले.

''जाताना डावीकडे. म्हणजे तुझ्या आजीच्या बाजूला.''

इंग्लंडातील गाडीत चालक उजवीकडे बसतो आणि वाहने रस्त्याच्या डावीकडून जातात. इटलीत सारे उलट. तेथे पुढची गाडी ओलांडायची, तर समोरून काय येते आहे हे उजवीकडे बसलेल्या चालकाला नीट दिसत नाही. ते डावीकडे बसलेल्या सोबत्याने पाहून सांगावयाचे. आजोबा हसून म्हणाले, ''चाक माझ्या हातात. डोळे मात्र हिचे.'' मग त्यांनी गाडीची उंची, २.९० मीटर, एका कागदावर ठळक लिहून चाकासमोर डकवली. त्या किनाऱ्यावर गाव आणि समुद्र यांच्यामधून रेल्वे जाते, आणि रुळांखालचे कित्येक रस्ते ठेंगणे असतात. वेळीच उंची आठवली नाही, तर घराचे छप्पर तेथेच राहायचे!

खरी परीक्षा झाली ती वजनकाट्यावर. आजोबांच्या परवान्यावर ३,५०० किलो वजनापर्यंतचेच वाहन चालवता येत होते. सामान भरून, टाकीत पाणी घेऊन, दोघेही आत बसून गाडी काट्यावर उभी राहिली, तेव्हा आकडा आला ३,६२०. एकशेवीस किलो अधिक!

त्या संध्याकाळी बिऱ्हाड पुन्हा अंगणात उतरले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. भरलेली ११० लिटरची टाकी कशाला? वाटेत जागोजागी पाणी मिळते. वीस लिटर पुरे. नव्वद किलो उतरले. मग गॅसचे दुसरे नळकांडे गेले, चौदा किलो. पाहुण्यांसाठी घेतलेल्या दोन घडीच्या खुर्च्या गेल्या, आठ किलो. आजोबांनी सात किलोंची पुस्तके जड हाताने परत कपाटात ठेवली. शेवटी आजीने आपला लोखंडी खलबत्ता उचलला, क्षणभर हातात तोलला आणि नातीकडे दिला. ''चार किलो,'' ती म्हणाली, ''जप गं.''

दुसऱ्या दिवशी काट्याने ३,४९७ दाखवले. तीन किलोंची जागा उरली होती.

आता स्मारकापाशी काय न्यावयाचे, हा प्रश्न राहिला. गावच्या शिवारातली चिमूटभर माती न्यावी, असे आजोबांच्या मनात होते. परंतु मातीबरोबर पिकांची कीड आणि रोग परमुलखात शिरतात, म्हणून भारतातून माती नेण्यास इंग्लंडात आणि युरोपातही मनाई आहे. आजीने घरी पेढे करण्याचे ठरवले. तर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमधून युरोपीय संघाच्या देशांत जाणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थही बरोबर नेता येत नाहीत, असे कळले. आजोबा नाराज झाले. ''एवढ्या लांब जायचे आणि रिकाम्या हाताने?''

आजी स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात सासरहून आलेला पितळी तांब्या होता आणि दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

''याला कोणाची मनाई आहे का?'' तिने विचारले.

आजोबांनी तांब्या हाती घेतला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. नातीने मात्र हळूच विचारले, ''आजोबा, हे कोणासाठी?''

त्यांनी लहानपणी न विचारलेला प्रश्न आज कोणीतरी विचारला होता. आजोबांनी तिला जवळ बसवून घेतले, नकाशावर सांग्रो नदीच्या मुखाशी बोट ठेवले आणि सारी हकीकत पहिल्यापासून सांगितली. बोलणे संपले तेव्हा बाहेर अंधारले होते. पहाटे निघायचे होते. आजीने तांब्या स्वच्छ घासला, गूळ कागदात बांधला आणि दोन्ही वस्तू आपल्या बसण्याच्या जागेजवळ, समुद्राच्या बाजूला, नीट ठेवून दिल्या.