न्योम्याची सिंधू

न्योमा, लडाख. रात्र. डोकं ठणकतंय. चार हजार मीटरच्या वर आलं की भातही नकोसा होतो. तरी आजची सिंधू लिहून ठेवतेच.

उपशीपासून महेच्या पुलापर्यंत रस्ता नदीच्या घळीतूनच येतो. पाणी खडकांवर आदळत असतं. गाडीच्या काचा लावल्या तरी आवाज आत येतो. चुमाथांगला तर काठावरच उकळत्या पाण्याचे झरे. वाळूतून वाफ निघते, दगडांवर पिवळट-पांढरा थर, आणि हातभर अंतरावर नदीचं बर्फगार पाणी! महेच्या पुढे मात्र दरी एकदम ऐसपैस होते. नदी वळणं घेत, फाटे फोडत, गवताळ कुरणांतून आरामात चालते. पलीकडे तीन-चार कियांग, म्हणजे इथली रानगाढवं, चरत होते. आमच्याकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.

शाळेत शिकवलं होतं, नदी डोंगरात खळाळते आणि मैदानात संथ होते. इथे नदीच्या वाटेने पाहिलं तर आधी संथपणा, मग खळाळ. पठारावरच्या नदीला आमचं पुस्तक कोण दाखवणार!

बरं, हे पाणी पावसाचं नाहीच म्हणायचं. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. कोकणात तेवढा एका दिवसात पडतो. इथला सगळा कारभार बर्फावर.

खाली निम्मूला झंस्कार नदी येऊन मिळते, आणि उन्हाळ्यात तीच जास्त पाणी आणते. लेहला जाणाऱ्यांनो, त्या संगमावर फोटो काढून सिंधू पाहिली म्हणू नका. दोन दिवस वाढवा, महेच्या वर या.