दुसरा रिमोट

माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांना खेळांचे वावडे कधीच नव्हते. रामबागेतल्या आमच्या घरी सोंगट्यांचा कापडी पट होता, पत्त्यांचे चार-पाच जोड होते आणि आजीच्या फडताळात सागरगोट्यांची पिशवी असे. आजी सत्तरी उलटल्यावरही सागरगोटे उडवून पालथ्या हातावर लीलया झेलत असे. श्रावणातली मंगळागौर तर खेळांचीच रात्र. परंतु बायकांच्या खेळांना नेमलेली वेळ असे. मंगळागौर सरली की फुगड्याही सरल्या. एखाद्या साध्या मंगळवारी, कोणतेही निमित्त नसताना, केवळ खेळावेसे वाटते म्हणून मुलीने दुपारभर खेळत बसावे, हे कोणाच्या कल्पनेत बसत नसे. मला मात्र वयाच्या बाराव्या वर्षापासून नेमके तेवढेच हवे होते.

१९९१ च्या दिवाळीत मामाने मुंबईच्या मनीष मार्केटातून व्हिडिओ गेम आणला. त्या काळी आपल्याकडे मिळणारी बहुतेक यंत्रे ही निन्टेंडोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल असत. खेळाच्या डबीला आम्ही कॅसेट म्हणत असू. ती चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा सार्वत्रिक उपचार. यंत्राबरोबर दोन रिमोट येत. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’ आणि ‘सिलेक्ट’ ही बटणेच नव्हती आणि आमच्या नकलेनेही ती उणीव इमानाने जपली होती. कोणता खेळ लावायचा, तो केव्हा सुरू करायचा, जेवायला हाक आली की केव्हा थांबवायचा, हे सारे पहिल्या रिमोटवर ठरे. पहिला रिमोट दादाचा. असे कोणी सांगितले नव्हते. सांगावे लागलेही नाही.

दुसऱ्या रिमोटवरून जग कसे दिसते, हे मला त्यामुळे फार लवकर कळले. ‘मारिओ’त दुसऱ्या खेळाडूच्या वाट्याला मारिओचा भाऊ लुइजी येतो आणि मारिओ मरेपर्यंत त्याला नुसते पाहत बसावे लागते. दादा चांगला खेळे, म्हणजे मी फार वेळ पाहत बसे. ‘काँट्रा’त दोघे एकत्र लढतात, पण धबधब्याच्या टप्प्यात वर चढताना पुढच्याने उडी मारली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला आपोआप मरतो. शत्रूची गोळी लागत नाही; सोबती पुढे गेला, एवढेच कारण पुरते. मी दादाच्या उड्यांची लय पाठ केली आणि त्याच्या अर्धा क्षण आधी उडी मारू लागले. मग तो खाली राहू लागला. त्यावरून झालेली भांडणे आईला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जात.

बदके मारण्याच्या खेळात बंदूक एकच, तीही दादाकडे. पण एका दुपारी ध्यानात आले की एका बदकाच्या डावात रिमोटची बाणांची बटणे दाबली की बदक आपल्या मर्जीने वळते. त्यानंतर दादाची एकही गोळी नीट लागेना. यंत्र बिघडले, असे तो दोन दिवस म्हणत होता. आजीला मी खरे सांगितले. ती पदर तोंडाला लावून हसली आणि कोणाला काही बोलली नाही.

या खेळांत मला काय सापडले, असे लोक विचारतात तेव्हा उत्तर थोडे लाजिरवाणे वाटते, कारण ते अगदी साधे आहे. तेथे चुकले की पुन्हा सुरुवात करता येई आणि चुकल्याबद्दल कोणी समजूत घालत नसे. यंत्राला मी कोणाची कोण, हे ठाऊक नव्हते.

घराबाहेर ते सर्वांनाच ठाऊक होते. १९९३ मध्ये शहरातल्या एका पार्लरमध्ये दादा मला घेऊन गेला. तेथे ‘स्ट्रीट फायटर २’ होता: निवडायला आठ योद्धे, त्यांत बाई एकटी चुन-ली. मी तीच घेतली आणि ओळीने तीन मुलांना हरवले. चौथा खेळायलाच येईना. मालक मला काही बोलला नाही, दादाला म्हणाला, “भैया, इसको मत लाया करो, लड़के ठीक से खेल नहीं पाते.” दादाने मान डोलावली. परतताना तो मला कुल्फी देऊ लागला, ती मी घेतली नाही. पुढच्या वर्षी माझी दहावी आली आणि यंत्र माळ्यावर गेले. दादाच्या दहावीत ते बैठकीतच होते.

पुष्कळ वर्षांनी, बँकेतल्या नोकरीत संगणक हाताशी आल्यावर, मी या खेळांचा इतिहास वाचला. कॅरल शॉ या बाईंनी १९८२ मध्ये ‘रिव्हर रेड’ लिहिला. अवघ्या चार किलोबाइटांत नदीचा नकाशा मावणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सूत्र असे बसवले की किनारा विमानाबरोबर पुढे पुढे घडत जावा, आणि प्रत्येक वेळी तोच घडावा. जमाखर्चात आयुष्य गेलेल्या मला या काटकसरीचे फार कौतुक वाटते. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला योद्धा शेवटी बाई निघतो, याचेही लोक कौतुक करतात. मला ते अर्धेच पटते. खेळ जितका लवकर संपवावा तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी होतात. बक्षीस कोणासाठी ठेवले होते, ते उघड आहे.

एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या सात गेमर्सची भेट घेतली, त्यांत मुलगी एकच होती: पायल धारे, आपल्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची. ती चित्रफीत मी दादाला पाठवली. त्याने फक्त अंगठा पाठवला.

दादाची मुलगी पुण्यात शिकते आणि रात्री मैत्रिणींबरोबर ऑनलाइन खेळते. तिने खेळातले नाव मुलाचे घेतले आहे आणि माइक बंद ठेवते. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, “आत्या, आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला आणि चौकशी सुरू होते.” ती हे ज्या सहजतेने म्हणाली, त्याचा मला त्या मालकापेक्षा अधिक राग आला.

रविवारी रात्री आता आम्ही दोघी खेळतो. माझा अंगठा मंदावला आहे, पडद्यावरची अक्षरे बारीक दिसतात आणि ती मला वारंवार रागावते. माझे नाव मात्र मी माझेच ठेवले आहे, देवनागरीत. गेल्या महिन्यात कोणी अनोळखी मुलाने हिंदीत विचारले, “आंटी, आप सच में खेल रही हो?” मी माइक सुरू करून हो म्हटले. भाचीने तिकडे डोक्यावर हात मारून घेतला. तो डाव आम्ही हरलो. मुलगा पुढच्या डावालाही थांबला.